यादीतून सुटलेला पाइप

जपानमधील मिहामा अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये ९ ऑगस्ट २००४ रोजी एक पाइप फुटला. उसळलेल्या वाफेने आणि उकळत्या पाण्याने पाच कामगारांचा जीव गेला, सहा जण जखमी झाले. हा पाइप टर्बाइनच्या इमारतीतला होता आणि त्यातील पाण्यात किरणोत्सार नव्हता. त्या दिवशी भूकंप झाला नव्हता, त्सुनामीही आली नव्हती. मुळात १० मिलिमीटर जाडीची पोलादी भिंत आतून झिजत काही ठिकाणी दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती, एवढेच. १९७६ मध्ये हे युनिट सुरू झाल्यापासून त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीत ती जागाच नव्हती. ही त्रुटी आदल्या वर्षी ध्यानात आली आणि १४ ऑगस्टपासूनच्या नियोजित बंद काळात मोजणी करायचे ठरले. पाइप पाच दिवस आधी फुटला. मेलेले कामगार कंत्राटदाराचे होते आणि त्याच बंद काळाच्या तयारीसाठी तिथे आले होते.

वैद्यकाच्या दृष्टीने ही ओळखीची गोष्ट आहे. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही. महाधमनीची भिंत पातळ होऊन फुगत असते, तेव्हा माणूस रोज कामावर जात असतो. लक्षण दिसेल तेव्हा बघू, असे म्हणणाऱ्याला पहिले लक्षण म्हणून थेट आपत्तीच भेटते. अणुभट्टीतल्या धातूचेही असेच आहे.

धातूचे हे म्हातारपण मुख्यतः तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार मिहामासारखा: वेगाने वाहणारे गरम पाणी पोलादावरचा संरक्षक थर सतत विरघळवत राहते आणि भिंत पातळ होते. दुसरा प्रकार भेगांचा. धातूची जात, त्यावरचा ताण आणि पाण्यातील रसायने हे तीन घटक जुळून आले की चांगल्या स्टेनलेस स्टीललाही आतून बारीक तडे जातात. तिसरा ठिसूळपणाचा. न्यूट्रॉनच्या सततच्या माऱ्याने अणुभट्टीच्या मुख्य पात्राचे पोलाद आपली लवचीकता गमावते. पाइप बदलता येतो, पात्र बदलणे व्यवहारात जवळपास अशक्य. म्हणून पात्राच्या आत त्याच पोलादाचे नमुने आधीपासून ठेवलेले असतात, तेही गाभ्याच्या अधिक जवळ, म्हणजे त्यांचे वय पात्राच्या पुढे धावते. ठरावीक वर्षांनी एकेक नमुना काढून तोडून पाहतात. ही पात्राची बायोप्सीच, आणि तीही काही वर्षे पुढची. फिनलंडमधील लोविसा केंद्राने तर १९९६ मध्ये ठिसूळ झालेला सांधा तापवून त्याची लवचीकता बऱ्याच अंशी परत आणली.

जगभरचा अनुभव एकत्र ठेवला, तर चांगल्या व्यवस्थेची तीन सूत्रे दिसतात. पहिले, दुसऱ्याच्या अपघाताला आपला इशारा मानणे. अमेरिकेतील सरी केंद्रात १९८६ मध्ये याच झिजेने पाइप फुटून चार कामगार दगावले होते. म्हणजे मिहामाला अठरा वर्षे आधी पूर्वसूचना मिळालेली होती. आज आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था विविध देशांचे असे अनुभव एकत्र करून कोणता भाग, कोणती झीज, कोणती तपासणी याचे सामाईक तक्ते ठेवते, ते याचसाठी.

दुसरे, क्षुल्लक लक्षणाचा पाठपुरावा. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात हवेच्या गाळण्या गंजाच्या कणांनी पुन्हा पुन्हा तुंबत होत्या. त्या बदलल्या जात राहिल्या. गंज येतो कुठून, हे कोणी शोधले नाही. मार्च २००२ मध्ये उत्तर मिळाले. पात्राच्या झाकणाचे सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचे पोलाद गळणाऱ्या बोरिक आम्लाने एका जागी पार खाऊन टाकले होते आणि आतले दाबाखालचे पाणी केवळ सेंटिमीटरभराच्या अस्तराने थोपवून धरले होते. नियामकाने आदल्या डिसेंबरअखेर तपासणी मागितली होती. कंपनीने फेब्रुवारीपर्यंत मुदत वाढवून घेतली होती.

तिसरे, सापडलेला दोष किंमत मोजून मान्य करणे. २०२१ च्या अखेरीस फ्रान्समधील सिवो केंद्रात दहावार्षिक तपासणीत भेगा सापडल्या. संशय असलेल्या इतर अणुभट्ट्याही बंद करून तपासल्या गेल्या. २०२२ मध्ये फ्रान्सचे अणुवीज उत्पादन तीसहून अधिक वर्षांतील नीचांकावर आले आणि वीज निर्यात करणारा हा देश त्या वर्षी आयातदार ठरला. शिवाय भेगांचा त्रास फ्रान्सच्या जुन्या अणुभट्ट्यांपेक्षा नव्या रचनेच्या अणुभट्ट्यांना अधिक होता. माणसाप्रमाणेच यंत्राचेही खरे वय जन्मतारखेवरून कळत नाही.

आपल्याकडे हा विषय परका नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूरची पहिली दोन युनिटे १९६९ पासूनची; २०२० पासून ती दीर्घकाळ बंद ठेवून अणुभट्टीतून पाणी फिरवणारे मुख्य पाइप बदलण्याचे काम हाती घेण्यात आले. गुजरातमधील काक्रापार येथे ११ मार्च २०१६ रोजी शीतक वाहिनीतून जड पाण्याची गळती झाली. तपासात नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर अनपेक्षित गंज आढळला. अणुभट्टी सुखरूप बंद झाली आणि दुरुस्तीनंतर २०१९ मध्येच पुन्हा सुरू झाली. हा उशीर वाया गेला असे मी म्हणणार नाही.

आता २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे देशाचे उद्दिष्ट आहे. आजची क्षमता नऊ गिगावॅटच्या आत आहे. अणुऊर्जा कोळशाच्या धुरापेक्षा आरोग्याला किती बरी, हे फुप्फुसांचे रुग्ण पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण नवी केंद्रे उभारण्याच्या घाईत जुन्यांच्या तपासणीचे दिवस कापले जाता कामा नयेत. अणुऊर्जा नियामक मंडळ दर दहा वर्षांनी केंद्राचा सर्वंकष सुरक्षा आढावा मागते. त्याचे निष्कर्ष, सापडलेले दोष आणि पुढे ढकललेल्या तपासण्या सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत, मराठीतही, प्रसिद्ध व्हायला हव्यात. वीज कमी पडली म्हणून तपासणी लांबवा, असे सांगण्याची मुभा वीज विकणाऱ्याला नसावी. आणि पाइपाशेजारी उभ्या राहणाऱ्या कंत्राटी कामगारालाही त्या पाइपाची जाडी शेवटची कधी मोजली, हे विचारण्याचा हक्क असावा.