आर्डुइनोची भाषा नेमकी कोणाची?

आर्डुइनोची भाषा 2005 साली आर्डुइनोबरोबरच जन्मली, हे पाठांतर आता थांबावे. कोलंबियाच्या एर्नांदो बारागान यांनी 2003 मध्ये इटलीतील इव्रेआच्या संस्थेत पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हाती घेतले. पिनमोड, डिजिटलराइट, डिले ही शब्दकळा तिथलीच. (संपादकाचा साचा प्रोसेसिंगचा; ते ऋण बारागान उघड सांगतात.) आर्डुइनोने स्वस्त चिप निवडली, हे श्रेय त्याचेच, भाषा मात्र आयती मिळाली.

पुढे 2011 च्या 1.0 आवृत्तीत ‘डब्ल्यूप्रोग्राम.एच’ जाऊन ‘आर्डुइनो.एच’ आली. जुन्या लायब्ररींचे कम्पाइल होणे अडले, आणि वायरिंगचा ‘डब्ल्यू’ तेवढा पुसला गेला. पण एव्हीआरच्या मूळ संहितेत पिनमोडची व्याख्या आजही ज्या फाइलीत आहे, तिचे नाव ‘वायरिंग_डिजिटल.सी’.