राजीनामा कुणाला विचारून?

आमदारकी ही मतदारांनी पाच वर्षांसाठी सोपविलेली ठेव असते. विदर्भातील काटोलचे आमदार आशिष देशमुख यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ती मधेच टाकून दिली. कायदा सहा महिन्यांत पोटनिवडणूक सांगतो. आयोगाने ती लोकसभेसोबत, ११ एप्रिल २०१९ रोजी ठेवली. नव्या आमदाराला वर्षापेक्षाही कमी काळ मिळणार म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. राजीनामा एकाचा, विलंब दुसऱ्याचा, शिक्षा मात्र मतदाराला! काटोलचा आवाज विधानसभेत वर्षभर उमटलाच नाही. राजीनाम्याचे कारण उदात्त असेलही. पण ते आधी मतदारांपुढे मांडायला नको काय? अचलपूरकरांनो, उमेदवार दारी येताच प्रथम हेच विचारा : पाच वर्षे पुरी करणार ना?