आधी हवा, मग रंग

गणेशोत्सव जवळ आला की मूर्तिकारांच्या कारखान्यांत कॉम्प्रेसरची घरघर सुरू होते. दाबाच्या हवेने रंगाचे धुके होते आणि मूर्तीच्या गालावरील छटा कोठे सुरू झाली, कोठे विरली, हे कळेनासे होते. डोळ्यांची आखणी मात्र अद्यापि हाती कुंचला घेऊनच होते. ते धुके पाहून आपल्या घरांतील हौशी मुलामुलींना एअरब्रशचा मोह पडला, तर नवल नाही. त्यांच्या पालकांसाठी हे चार शब्द.

नवशिक्याचे सारे लक्ष ब्रशच्या झगमगाटाकडे असते. आमच्या मते पहिला खर्च हवेवर करावा. टाकी नसलेल्या लहान कॉम्प्रेसरची हवा बहुधा धक्क्याधक्क्याने येते, आणि रेषाही तशीच थरथरते. म्हणून लहानशी का होईना, टाकी असावी. दाब कमी-अधिक करण्याची सोय असावी. हवेतील पाणी अडविणारी गाळणीही असावी. पावसाळ्याच्या दमट दिवसांत ती नसेल, तर रंगाऐवजी पाण्याचा थेंबच चित्रावर पडतो.

ब्रश घ्यावा तो वर रंगाची वाटी असलेला, खटका खाली दाबल्यावर हवा व मागे ओढल्यावर रंग सोडणारा. बोटांना हे वळण लागण्यास वेळ लागतो. परंतु रेषेची जाडी हातात येते ती त्यामुळेच. नोझल ०.३ मिलिमीटरचे पुरेसे आहे. ०.२ चे लवकर तुंबते; ०.५ चे मोठ्या पृष्ठभागास बरे.

रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक असावा. तो दुधाइतका पातळ करून गाळून घ्यावा. दाब दर चौरस इंचास १५ ते २० पौंड ठेवून आधी रद्दीवर ठिपके व रेषा गिरवाव्यात. रंग बदलताना ब्रश धुवावा. काम संपताच सुई काढून पुसावी. नोझलमध्ये वाळलेला रंग हेच छंद अर्ध्यावर सुटण्याचे मोठे कारण असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुकानातील यादीत बहुधा नसते. फवारलेला रंग श्वासावाटे फुप्फुसांत जातो. पाण्याच्या रंगासही बारीक कण अडविणारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखपट्टा हवा. तोंडाला बांधलेला रुमाल चालणार नाही. थिनरच्या वाफेस तर तो मुखपट्टाही पुरत नाही, तिच्यासाठी वेगळी गाळणी बसविलेला लागतो. असे रंग नवशिक्याने घरात आणूच नयेत. कॅडमियमयुक्त रंग कधीही फवारू नये. खिडकी उघडी असावी, हवा बाहेर ओढणारा पंखा असावा आणि जवळपास शेगडी वा निरांजन पेटते नसावे.

पैसे कमी पडत असतील, तर ब्रश साधा घ्यावा, मुखपट्टा नव्हे. चित्र एकटा काढतो. त्या खोलीतील हवा मात्र आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सारे घर घेत असते.