घर की हॉटेल?

सेवानिवृत्तीनंतर कुमाऊँमधील एका खेड्यात दोन खोल्यांचे पाहुणेघर चालवू लागलो, त्यास आता वर्ष झाले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निकषांनुसार अशा घरात भाड्याच्या एक ते सहा खोल्या असाव्यात आणि मालकाने तेथेच राहावे. म्हणजे शासनाच्याच व्याख्येने हे घर आहे. खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या लेखी मात्र ते हॉटेल ठरते.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. सुरक्षेसाठी तो हवाच. माझा आक्षेप आहे तो तीच माहिती प्रत्येक खात्याला नव्याने देण्याला. जन्मभर फायली हाताळल्या, म्हणून मी निभावले. शेजारच्या आमांच्या खोल्या रिकाम्या आहेत, मुले दिल्लीत आहेत. पण अर्जांचा गठ्ठा पाहूनच त्यांनी हात जोडले. उत्तराखंडात २०१८ साली गृह आवास योजना आली, ती पहाडातील स्थलांतर थांबावे म्हणून. जिच्यासाठी ती आखली, तीच उंबरठ्यावर अडली!

असे नमुने एकेकाळी मीही मंजूर केले आहेत, हे कबूल केले पाहिजे. उपाय सोपा आहे: एकच अर्ज, आणि मुदतीत उत्तर न आल्यास मंजुरी गृहीत. आमांच्या खोल्यांची कुलपे निघतील, त्या दिवशी योजना यशस्वी झाली असे मी म्हणेन.