‘सापडला नाही’ हेही उत्तरच

लंबकावरून गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. शाळेत असताना माझे उत्तर ९५८ आले होते. सर म्हणाले, “९८० यायला हवे. पुन्हा लिही.” पुन्हा कर नव्हे, पुन्हा लिही! मी वेळेचे आकडे थोडे इकडेतिकडे केले आणि दहापैकी नऊ गुण मिळवले.

ही गोष्ट आठवली ती ॲक्सिऑन नावाच्या मूलकणामुळे. हा कण अजून कोणालाही सापडलेला नाही. तरीही त्याच्या शोधाची नोंदवही आपल्या प्रयोगवह्यांपेक्षा पुष्कळच प्रामाणिक आहे, असे मला वाटते.

विश्वात दिसणाऱ्या द्रव्याच्या सुमारे पाचपट कृष्णद्रव्य असावे, हे दीर्घिकांच्या फिरण्यावरून आणि इतर पुराव्यांवरून कळते. ते कशाचे बनले आहे, हे ठाऊक नाही. १९७७ साली पेच्ची आणि क्विन यांनी अणुकेंद्रातील तीव्र बलाविषयीचे एक कोडे सोडवण्यासाठी नवी कल्पना मांडली. तिच्यातून एक नवा कण निघतो, हे १९७८ साली वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी दाखवले. कोडे धुऊन निघाले म्हणून विल्चेकने त्याला कपडे धुण्याच्या एका पावडरीचे नाव दिले! पुढे १९८३ साली लक्षात आले, की हाच कण कृष्णद्रव्यही असू शकेल.

तो शोधायचा कसा? त्याच वर्षी सिकिव्ही यांनी युक्ती सुचवली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनचे रूपांतर रेडिओलहरींत होऊ शकते. अमेरिकेत सिॲटल येथे ‘एडीएमएक्स’ या प्रयोगात सुमारे ८ टेस्लाच्या चुंबकात, अतिशीत केलेले, तांब्याचा मुलामा दिलेले पोकळ भांडे ठेवतात आणि जुन्या रेडिओची सुई सरकवावी तशी त्याची वारंवारता हळूहळू बदलत ऐकत राहतात. २०१८ साली त्यांनी जाहीर केले, की २.६६ ते २.८१ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात काही ऐकू आले नाही. इलेक्ट्रॉन याहून सुमारे १९ हजार कोटी पट जड आहे! त्यानंतरही ते पुढचे पट्टे ऐकत गेले.

या ‘नाही’सोबत एक अटही लिहिलेली असते, आणि मला सर्वांत आवडते ती तीच. आपल्या आसपास दर घनसेंटिमीटरमध्ये जवळजवळ अर्ध्या प्रोटॉनच्या वस्तुमानाइतके कृष्णद्रव्य आहे, असे धरून हा निष्कर्ष काढलेला असतो. ते सगळे ॲक्सिऑन असतील, तर तेवढ्याशा जागेत त्यांची संख्या एक कोटी कोटींहून अधिक भरते.

पण ते सारखे पसरलेले नसतील तर? विश्वाच्या आरंभीच्या अतिजलद प्रसरणानंतर ॲक्सिऑन जन्मले असतील, तर त्यांची घनता जागोजागी फार कमीजास्त असणार. मग विश्व सुमारे पन्नास हजार वर्षांचे असतानाच, पहिला तारा पेटण्याच्या कितीतरी आधी, दाट जागा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आवळल्या जाऊन त्यांचे लघुपुंज बनतील. होगन आणि रीस यांनी १९८८ साली ही शक्यता मांडली. असा पुंज वस्तुमानाने एखाद्या लघुग्रहाएवढा, सूर्याच्या लाख कोटीव्या हिश्श्याच्या आसपास. विस्ताराने मात्र लघुग्रहाहून प्रचंड मोठा. अशा पुंजाशी पृथ्वीची गाठ पडायची, तर लाख वर्षांच्या हिशेबाने वाट पाहावी लागेल! एरवी आपण पुंजांच्या मधल्या विरळ जागेतून जात असू आणि भांड्यातला आवाज अपेक्षेपेक्षा क्षीण असेल. ताऱ्यांच्या ओढीने काही पुंज विस्कटले असतील आणि विरळ जागा थोडी भरली असेल, हेही खरे. शिवाय ॲक्सिऑन असे नंतर जन्मले असतील, तर तो याहून जड असावा, असे बहुतेक गणिते सांगतात. म्हणजे सुई आणखी वर सरकवायला हवी.

जन्म अतिजलद प्रसरणाच्या आधीचा असेल, तर असे पुंज बनणारच नाहीत. म्हणून ‘नाही’ कोणत्या पट्ट्यात, किती घनता धरून, हे लिहिले नाही, तर त्या ‘नाही’चा पुढच्या माणसाला काहीच उपयोग नाही. हे लिहिलेले असल्यामुळेच उद्या लघुपुंज खरे ठरले, तर जुने आकडे नव्याने तपासता येतील.

शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रयोगवहीतल्या उत्तराला दोन गुण ठेवा आणि उरलेले मुलाने काय मोजले, काय गृहीत धरले, ते कोठे चुकू शकते, यासाठी ठेवा. ‘पुस्तकाशी जुळत नाही’ असे लिहिणाऱ्याचा एकही गुण कापू नका. अभ्यासक्रम मागे पडेल, परीक्षक बाहेरचे असतात, ही अडचण मला ठाऊक आहे. पण वर्षातून एक प्रयोग तरी असा करता येईल.

माझे ९५८ कोठून आले असावे, याचा आता अंदाज येतो. दोरी बहुधा गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंतच मोजली होती, मध्यापर्यंत नव्हे. पन्नास सेंटिमीटरच्या लंबकात एका सेंटिमीटरची चूक म्हणजे उत्तरात सुमारे वीसचा फरक. ताडून पाहायला मात्र वहीत काही उरलेले नाही. तेथे ९८० लिहिले आहे.