सैल हात, घट्ट हात

क्रोशे ही मुळात एकटीने करायची कला आहे. एक सुई, एक गुंडा आणि दुपारची निवांत वेळ, एवढ्या भांडवलावर आपल्या आज्या-मावश्यांनी घराघरांत केवढा संसार उभा केला! दाराला तोरण, टेबलाला झालर, रेडिओला टोपडे, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेली जाळी. विणणारीला कोणाला विचारावे लागत नाही. चुकले तर दोरा ओढायचा, सगळे सरसर उसवते, पुन्हा पहिल्या साखळीपासून सुरुवात. अशी मुभा संसारातल्या दुसऱ्या कोणत्याही कामात मिळत नाही.

पण हेच काम पस्तीसजणींनी मिळून करायचे ठरविले, की ते क्रोशे राहत नाही; ते राज्यकारभार होते. गेले सहा महिने हा कारभार मी जवळून पाहते आहे. विणकामात माझा हात बेताचाच. पण मी मराठी शिकविते, तेव्हा सूचना लिहिणे आणि पत्रे पाठविणे हे काम ओघानेच माझ्याकडे आले.

असे सामुदायिक विणकाम काही आम्हीच प्रथम काढलेले नाही. चेन्नईच्या सुभश्री नटराजन यांनी देशोदेशीच्या हौशी विणकर स्त्रियांना गोळा केले आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरांचे क्रोशाचे पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. आपल्या हिशेबात सांगायचे, तर पावणेतीन एकर! दक्षिण आफ्रिकेत कॅरोलिन स्टेन यांनी नेल्सन मंडेला यांच्या नावाने पांघरुणे विणण्याची चळवळ काढली. मंडेलांनी सार्वजनिक कार्याला दिलेल्या ६७ वर्षांसाठी ६७ पांघरुणे, एवढाच तिचा आरंभीचा संकल्प होता. पुढे हजारो हात तिला येऊन मिळाले.

आमच्या मंडळींच्या मनात असेच काहीतरी भव्य होते. नागपूर, वर्धा, पुणे, ठाणे अशा गावांतल्या पस्तीसजणी. त्यांतल्या निम्म्या एकमेकींना कधी भेटलेल्याही नाहीत. सर्वांनी चौकोन विणून टपालाने पाठवावेत, त्यांचे एक प्रचंड पांघरूण जोडावे, प्रदर्शनात मांडावे आणि मग गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाला द्यावे, असा बेत निघाला. भामरागडचे नाव सुचले ते तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी शिक्षिका आहे म्हणून. सुई हातात घेण्यापूर्वी तिला विचारावे असे ठरले, आणि मी पत्र टाकले. सोबत नमुन्याचा एक चौकोनही पाठविला.

भामरागड म्हणजे महाराष्ट्राचे अगदी पूर्वेचे टोक. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा तिथे संगम आहे. पलीकडे छत्तीसगड. जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरांहून दूर, आणि गेल्या कित्येक पावसाळ्यांत पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत आला आहे. गावाच्या अलीकडेच हेमलकसा. तिथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांसाठी दवाखाना व पुढे १९७६ साली शाळा उभी केली. भोवतालच्या माणसांच्या अंगावर पुरते वस्त्र नाही हे पाहून प्रकाश आमटे यांनी स्वतःचा पोशाख बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आणला, ही गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. वस्त्र द्यायला निघालेल्या प्रत्येकाने ती मनाशी ठेवावी अशी आहे. त्या गृहस्थांनी आधी पाहिले. काय द्यायचे ते मागाहून ठरविले.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. पत्र मोठे नव्हते, पण त्याने आमचा सारा बेत उसवून टाकला.

“बाई,” तिने लिहिले होते, “एवढे मोठे पांघरूण आले तर इथे ते भिंतीवर टांगावे लागेल. पहिली-दुसरीची वीस मुले आहेत. वीसजणांना एक देण्यापेक्षा प्रत्येकाला लहानसे एकेक द्या. एकोणीस पाठवू नका. विसाव्या मुलाला मी काय सांगू? चौकोन जाळीचे नकोत. पायाची बोटे अडकतात, आणि वाराही आत शिरतो. पांढरा रंग नको. आणि एक महत्त्वाचे. वसतिगृहात शेकोटी नसते, पण मुले सुटीत पांघरूण घेऊन घरी जातील. घरी थंडीत सगळे विस्तवाभोवती झोपतात. तेव्हा दोरा कोणता घेणार ते मला कळवा. ता. क. नमुना परत पाठवा. तो कसा केला आहे ते पाहण्यासाठी मुलींनी उसवला.”

दोरा कोणता! बाजारात ‘लोकर’ म्हणून जे रंगीबेरंगी गुंडे मिळतात, त्यांतले बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. स्वस्त, मऊ, धुवायला सोपे. आमच्या यादीत तेच होते. पण अ‍ॅक्रिलिक विस्तवाजवळ वितळते आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. सुती दोरा चटकन पेट घेतो. मेंढीची खरी लोकर ठिणगी पडली तर करपते, वास सुटतो, पण सहसा भडकत नाही आणि वितळत तर नाहीच. मात्र ती कितीतरी महाग. शिवाय गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते.

यावर जी चर्चा झाली ती साहित्य संमेलनातही होणार नाही. एकीचे म्हणणे, आपण हौसेने विणतो आहोत, इतका विचार केला तर कोणी काही देणारच नाही. दुसरी म्हणाली, तिथे विस्तव आहे हे कळल्यावर मी अ‍ॅक्रिलिकची सुई चालवूच शकणार नाही. प्रदर्शन रद्द झाले म्हणून दोघीजणी गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आल्या. शेवटी खऱ्या लोकरीवर एकमत झाले, आणि खर्च वर्गणीतून करायचा ठरला. प्रत्येक पांघरुणाबरोबर ‘थंड पाण्यात धुवा’ अशी मराठीत चिठ्ठी जाईल, आणि ती माडियात समजावून सांगण्याचे शिक्षिकेने कबूल केले.

मग हिशेब मांडला. पांघरूण साठ इंच लांब, बेचाळीस इंच रुंद. सहा इंचांचा चौकोन धरला तर दहा गुणिले सात, म्हणजे सत्तर. वीस मुलांचे चौदाशे. पस्तीसजणींत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला चाळीस. भरीव चौकोनाला साधारण २० ग्रॅम लोकर, म्हणजे एकूण २८ किलो. एका चौकोनाला तास-दीड तास. हे आकडे कागदावर दिसले तेव्हा कुठे ते काम खरे वाटू लागले.

पहिले चौकोन आले आणि दुसराच घोळ समोर आला. लोकर एक, सुई एक, कृती एक. पण चौकोन कोणाचा पावणेसहा इंचांचा, तर कोणाचा सव्वासहा! कारण हात एक नव्हता. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. पाव इंच म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण दहा चौकोनांच्या लांबीत त्याचे अडीच इंच होतात आणि पांघरुणाला पोक येते. हात बदलायला सांगून बदलत नाही, तो स्वभावासारखा असतो. म्हणून सुई बदलायची. घट्ट हाताला ४ ऐवजी साडेचार मिलिमीटरची, सैल हाताला साडेतीनची. शिवाय पुठ्ठ्याचा सहा इंची चौकोन कापून प्रत्येकीला टपालाने धाडला. त्यावर बसेल तो चौकोन पास!

तिसरा घोळ माझ्या खात्यातला, म्हणजे भाषेचा. इंग्रजी पुस्तकांत ‘डबल क्रोशे’ असे लिहिलेले असते. ब्रिटिश पुस्तकात त्याचा अर्थ आपला मुका खांब, आणि अमेरिकन पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ पुरा खांब. एकच शब्द, दोन टाके, आणि उंचीत दुपटीचा फरक! मी सूचनापत्रातून इंग्रजी शब्द काढून टाकले आणि ‘साखळी’, ‘मुका खांब’, ‘खांब’ एवढ्यांवर भागविले. त्या दिवसापासून एकही चौकोन उंच-ठेंगणा आला नाही. मराठीच्या अभिमानाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत; तिचा इतका रोकडा उपयोग मात्र प्रथमच पाहिला.

मुलींनी नमुना उसवला, त्यातूनही एक नियम निघाला. क्रोशात शेवटचा एकच फास जिवंत असतो. तो सुटला की सारे सुटते. म्हणून दोऱ्याचे टोक कापून न टाकता चार इंच ठेवायचे, आणि सुईत ओवून टाक्यांच्या पोटातून दोनदा उलटसुलट फिरवायचे. कंटाळवाणे काम, पण पांघरुणाचे आयुष्य त्यावर अवलंबून.

मध्यंतरी एकीने विचारले, “माझे चाळीस चौकोन त्या चौदाशेंत कुठे गेले हे मला कसे कळणार? निदान कोपऱ्यात नावाची पट्टी तरी लावू या.” प्रश्न अगदी मानवी होता. मला नरसापूर आठवले. भामरागडहून इंद्रावती पुढे गोदावरीला मिळते, आणि त्याच गोदावरीचा वसिष्ठा नावाचा फाटा समुद्राकडे जाताना आंध्रात ज्या गावाजवळून जातो, ते हे नरसापूर. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८४४ च्या सुमारास तिथे क्रोशाची लेस आणली. तेव्हापासून आजवर गोदावरीकाठच्या घराघरांतल्या बायका ती विणीत आल्या आहेत. कोणी फुले विणते, कोणी ती जोडते, आणि माल परदेशी जातो. फुले विणणारीला अखेरचा टेबलक्लॉथ दिसतोच असे नाही. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली या कारागिणींवर पुस्तक लिहून दाखवून दिले, की दिवसाचे कित्येक तास चालणाऱ्या या कष्टाला ‘फावल्या वेळातले काम’ म्हटल्यामुळेच त्याची मजुरी इतकी तुटपुंजी राहिली. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावाला मान मिळाला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण बायकांची नावे त्यातही नाहीत.

मी हे सांगितल्यावर पट्टीचा विषय तिनेच मागे घेतला. उलट ती म्हणाली, “आपल्याला तर वेळ आपखुशीने द्यायचा आहे, आणि पोटाचा प्रश्न नाही. मग नावाचे काय एवढे!” आणि पुढच्या आठवड्यात तिचे आणखी पाच चौकोन आले, चाळिसांवरचे.

पावसाळा संपून रस्ते मोकळे झाले आहेत, आणि थंडी अजून यायची आहे. मधल्या या थोड्या दिवसांतच पांघरुणे पोहोचली पाहिजेत. त्यामुळे यंदा आमच्याकडे फराळाच्या डब्यांशेजारी चौकोनांचे गठ्ठे आहेत. सतरा पांघरुणे जोडून झाली. तीन राहिली आहेत. बाराव्या पांघरुणात एका कोपऱ्यावरचे चौकोन जरा ताणून बसवावे लागले. कोणाचा तरी हात पुन्हा घट्ट झाला असावा. कोणाचा, ते आम्ही शोधले नाही.

वाचकांपैकी कोणाच्या मंडळाला असे काही काढावेसे वाटत असेल, तर माझी एकच सूचना. पहिले पत्र घेणाऱ्याला लिहा आणि उत्तर आल्यावर मगच लोकर आणा. आमच्या शिक्षिकेचे दुसरे पत्र परवाच आले. मुलींना विणायला शिकायचे आहे. पांघरुणांच्या गठ्ठ्यात पाच-सहा सुया आणि उरलेली लोकर घालून पाठवा, असे तिने कळविले आहे. सुया ४ मिलिमीटरच्या घेतल्या आहेत. त्या मुलींचा हात सैल की घट्ट, ते कळले की मग बदलून पाठवू.