थट्टेआड दडलेला प्रश्न

अटलांटिक महासागराच्या तळाशी १९१२ पासून पडून असलेल्या ‘टायटॅनिक’चे भग्नावशेष पाहण्यासाठी १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ नावाची छोटी पाणबुडी पाच माणसांना घेऊन पाण्याखाली गेली. पावणेदोन तासांतच तिचा संपर्क तुटला. आत ९६ तास पुरेल इतका प्राणवायू असल्याचे सांगण्यात आले आणि वृत्तवाहिन्यांवर त्या तासांची उलटी गणती सुरू झाली. २२ जून रोजी पाणबुडीचे तुकडे सापडले. तोवर समाजमाध्यमांवर विनोदांचे अमाप पीक येऊन गेले होते. प्रवाशांची श्रीमंती, माणशी अडीच लाख डॉलरचे, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे दोन कोटी रुपयांचे तिकीट, मुलांच्या व्हिडिओ खेळात असते तसले सुकाणूचे साधन, यांपैकी काहीही थट्टेतून सुटले नाही. आतली माणसे जिवंत आहेत की मृत, हेही ठाऊक नसताना ही थट्टा चालू होती.

या उपहासाच्या मुळाशी निव्वळ क्रौर्य होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चारच दिवस आधी, १४ जून रोजी, ग्रीसच्या पायलॉस बंदरालगतच्या समुद्रात ‘आड्रियाना’ ही मासेमारीची जुनी बोट उलटली होती. लिबियातून इटलीकडे निघालेल्या त्या बोटीत अंदाजे ७५० स्थलांतरित कोंबलेले होते. १०४ वाचले, ८२ प्रेते हाती लागली, बाकीचे समुद्राने गिळले. बोटीचा ठावठिकाणा ग्रीक तटरक्षक दलाला आदल्या दिवशीच कळलेला होता. इकडे पाच जणांसाठी अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांची जहाजे व विमाने धावली. ‘टायटन’मध्ये पाकिस्तानातील एका उद्योगपती घराण्यातील पिता-पुत्र होते, ‘आड्रियाना’वरही पाकिस्तानी तरुणांची संख्या मोठी होती. एकाच देशाच्या नागरिकांच्या जिवाची समुद्रात अशी दोन मोले ठरलेली पाहून सामान्य माणूस संतापला असेल, तर त्याला दोष कोणी द्यावा?

तथापि, संताप आणि थट्टा या दोन भिन्न गोष्टी आहेत. संताप प्रश्न विचारतो. थट्टा प्रश्न संपवून टाकते. हे प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या वर्गात उमगले. त्याच आठवड्यात ग्राहकाच्या निवडीचा सिद्धांत शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, दोन कोटी मोजून त्यांनी मरणच विकत घेतले. ही तर ग्राहकाची निवड झाली. मग हळहळ कशाला?” वर्ग हसला, आणि कबूल करायला हवे की मीही हसलो. तास संपला. त्या पाणबुडीतील सर्वांत लहान प्रवासी अवघा १९ वर्षांचा होता, म्हणजे माझ्या पुढ्यात बसलेल्या मुलांच्याच वयाचा, हे मला घरी परतताना आठवले. त्या विद्यार्थ्याला जे उत्तर मी तेव्हा द्यावयास हवे होते, ते आज देत आहे.

निवड स्वतंत्र मानायची, तर निवडणाऱ्याजवळ माहिती असावी लागते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. ‘टायटॅनिक’ सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहे. तेथे पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ३८० पट असतो. इतक्या खोल माणसे नेणाऱ्या पाणबुडीचा सांगाडा कार्बन फायबरचा करणे धोक्याचे आहे, असे जाणकार सांगत होते. या क्षेत्रातील तीन डझनांहून अधिक तज्ज्ञांनी २०१८ मध्ये ‘ओशनगेट’ कंपनीला सावधगिरीचे पत्र लिहिले होते. कंपनीच्याच सागरी कामकाजाच्या संचालकाने त्याच वर्षी धोका दाखवला, तेव्हा त्याला नोकरीवरून काढण्यात आले. पाणबुडीची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. कंपनीने त्यांचे प्रमाणपत्र घेतलेच नाही. पैसे देऊन येणाऱ्याला ‘प्रवासी’ न म्हणता ‘मोहीम-तज्ज्ञ’ म्हणण्यात येई, कारण प्रवासी म्हटले की प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम मागोमाग येतात. मृत्यूचा उल्लेख असलेल्या कागदावर प्रवाशांची सही घेतली जाई, हे खरे. परंतु समुद्रात धोका असतो हे कळणे वेगळे आणि आपण बसतो आहोत त्या सांगाड्यात बिघाड आहे हे कळणे वेगळे.

अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही दुर्घटना टाळता आली असती, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष आहे. २०२२ मध्ये एका फेरीनंतर सांगाड्यातून मोठा आवाज आला होता आणि उपकरणांनीही बदल नोंदवला होता. तरीही पुरेशी तपासणी न करता पुढील वर्षी माणसे नेण्यात आली. शंका घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना नोकरीची भीती दाखवून गप्प बसवले जाई, हेही त्यात नमूद आहे. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश त्याच फेरीत मृत्यू पावले. त्यामुळे त्यांच्या आत्मविश्वासाबद्दल शंका उरत नाही. पण मालकाचा आत्मविश्वास हा तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

जून २०२३ मध्ये हसणाऱ्यांपैकी कितींनी हा अहवाल उघडून पाहिला असेल? आणि त्याच हसण्याने ‘आड्रियाना’वरील मृतांना तरी काय मिळाले? त्या प्रकरणी ग्रीक तटरक्षक दलाच्या १७ जणांवर आरोप ठेवले जाण्यास मे २०२५ उजाडावा लागला, आणि तोवर जगाचे लक्ष केव्हाच दुसरीकडे वळले होते. श्रीमंतांच्या मृत्यूवर हसल्याने गरिबांच्या मृत्यूचे मोल वाढत नाही. ॲडम स्मिथने १७५९ साली लिहिले होते की, माणसाला दूर देशीच्या लक्षावधींच्या विनाशापेक्षा स्वतःच्या करंगळीची चिंता अधिक असते. आज दूर देशीचे मरण क्षणात हातातल्या पडद्यावर येते. अंतर मिटले, सहानुभूती मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

रावणाच्या वधानंतर त्याचे अंत्यसंस्कार यथोचित व्हावेत असा रामाने आग्रह धरला, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. रावणाचे अपराध त्याने माफ केले, असा तिचा अर्थ नव्हे. मृताची विटंबना न करताही अपराधाचा हिशेब करता येतो, एवढेच ती सांगते. नियम कोणी डावलला, इशारा देणाऱ्याला कोणी गप्प केले, ते ज्याने पाहावयाचे तो कोठे होता, हे प्रश्न दोन कोटींच्या तिकिटाला जसे लागू आहेत तसेच दहा रुपयांच्या तिकिटालाही लागू आहेत. श्रीमंताच्या बाबतीत ते विचारण्याचे सोडून आपण हसत बसलो, तर आपल्यावर वेळ येईल तेव्हा ते विचारण्याची सवय आपल्यापाशी उरलेली नसेल.